आमचं काही म्हणणं नाही

मी धोपाटणं बोलतोय. व्याकरण शिकवणाऱ्या बाई म्हणतील, धोपाटणं नपुंसकलिंगी, तेव्हा 'बोलतंय' म्हण. पण ज्यानं उभा जन्म मार देण्यात घालवला, त्यानं असं पडेल बोलावं कशाला? मी बोलतोयच म्हणणार.

ज्यांच्या घरी कपडे यंत्रात फिरतात त्यांच्यासाठी सांगतो. हातभर लांबीचं जड लाकूड, एका टोकाला मूठ, दुसरं टोक चपटं. ओला कपडा दगडावर टाकायचा आणि मला उचलून त्यावर हाणायचं. मळ निघतो. एवढंच माझं शिक्षण.

सध्या मी काचेच्या पेटीत असतो. अंगाला वॉर्निश, मुठीला रंगीत दोरे. खाली पाटी आहे : 'बोलण्याची काठी. हिच्यामुळे वस्तीतल्या प्रत्येकाचा आवाज ऐकला गेला.' काठी म्हणे! नपुंसकलिंग परवडलं होतं. माझी हकिगत गोड नाही, आणि ती गोड करून सांगण्याचा माझा स्वभावही नाही. गोड ऐकायचं असेल तर शेजारच्या पेटीत एक जुनी चहाची किटली ठेवली आहे, तिच्याकडे जा.

माझा जन्म पुरातला. कालव्याचं पाणी चढलं की आमच्या खालच्या गल्लीत काय काय वाहून यायचं. चपला, डबे, कुणाची तरी पाण्यानं फुगलेली उशी. एका वर्षी एक दार आलं. कुणाचं, कुठलं, कुणी विचारलं नाही. ज्याचं दार जातं त्याला आधी घर शोधावं लागतं, दाराच्या मागे तो कुठे येणार? गल्ली जिला मावशी म्हणायची, तिनं ते दार वाळवलं आणि सुताराच्या पुढ्यात नेऊन टाकलं.

"छान लाकूड आहे," सुतार म्हणाला. "एक स्टूल होईल. बसाल आरामात."

"बसायला मला वेळ कुठाय? धोपाटणं कर."

अशी माझी मावशीशी गाठ पडली. ती कपडे धुवायची. गल्लीतल्या सगळ्याच बायका धुवायच्या. कालव्याच्या काठाला धुण्याचे दगड होते, प्रत्येकीचा ठरलेला, सासूकडून सुनेकडे आलेला. वरच्या शहरातल्या लॉजच्या चादरी, दवाखान्याचे पडदे, खानावळीचे फडके, सगळं खाली उतरून आमच्याकडे यायचं आणि पांढरं होऊन वर जायचं. दगड होते म्हणून गल्ली होती. दगड गेले असते तर त्या बायकांच्या हातात नुसते हात उरले असते.

मावशीचा हात भारी. तोंडही भारी. लॉजचा मॅनेजर पैशांना 'उद्या या, उद्या या' करायचा. त्याच्या चादरी दगडावर आल्या की मावशी त्याच्या नावानं मला उचलायची. "ये रे माझ्या राजा," म्हणायची आणि दाणकन हाणायची. बाकीच्या बायका हसून हसून पाण्यात बसायच्या. तो मॅनेजर बिचारा वर काउंटरला बसलेला, त्याला काय ठाऊक रोज सकाळी त्याचा काय सत्कार होतो. मला त्या दिवसांची फार आठवण येते.

मग टिचकी आली. मावशीच्या बहिणीची मुलगी. बहीण तापानं गेली, बापानं दुसरं लग्न केलं, आणि चार दिवस म्हणून आणून सोडलेली पोर न्यायला कुणी आलंच नाही. साबणाच्या फेसाला टिचक्या मारत बसायची म्हणून गल्लीनं तिला टिचकी नाव ठेवलं. मावशीला पोरबाळ नव्हतं, नवरा असून नसल्यासारखा होता आणि पुढे नसलाच. तिनं त्या पोरीला जीव लावला. बोलून नाही दाखवला. रोज तिचा शाळेचा शर्ट सगळ्यात आधी, स्वच्छ पाण्यात धुवायची. लॉजच्या चादरी त्यानंतर.

टिचकी नीळ घेऊन दगडांवर चित्रं काढायची. घरं, झाडं, जिने. मावशी ओरडायची, "अगं, ती नीळ चादरींना लागते!" पण पुसायची नाही. दुपारी ऊन पडून चित्र आपोआप उडेपर्यंत त्या दगडावर धुवायची नाही, शेजारणीच्या दगडावर जागा मागायची.

मी त्या पोरीच्या अंगावर एकदाच पडलोय. शाळेत कुणीतरी तिला विचारलं होतं, फाटकाशी डबा घेऊन येते ती बाई कोण? टिचकीनं सांगितलं, "आमची कामवाली." शेजारच्या पोरीनं येऊन गल्लीत सांगितलं, आणि गल्लीत सांगितलेलं मावशीपर्यंत यायला काय लागतं? मावशीनं ओल्या हातानं मला उचललं आणि टिचकीच्या पोटरीवर एक फटका दिला. एकच. नंतर तीच पोटरी मांडीवर घेऊन तेल चोळत बसली. "कामवाली तर कामवाली," म्हणत होती, "पण तुझी मावशी आहे म्हणून सांग की गं. तेवढं सांगायला काय जातं?" टिचकी रडली आणि म्हणाली, सांगेन. मला वाटलं, मळ निघाला.

पोरगी हुशार निघाली. दगडावरची नीळ कागदावर गेली, कागद डिझाईन कॉलेजात गेला. मावशीनं आणखी दोन लॉज धरले. तिच्या बोटांच्या पेरांना भेगा पडल्या, त्यात साबण जाऊन आग व्हायची, तेव्हा ती मला उलट्या हातानं धरायची. टिचकीनं कॉलेजच्या हॉस्टेलात खोली घेतली. ओल्या चादरींच्या वासानं तिला मळमळतं, असं ती म्हणायची. त्याच वासावर ती वाढली होती, पण ते असो.

एके दिवशी ती चक्क सकाळीसकाळी घरी आली. उजळलेली, एका जागी पाय ठरत नव्हते.

"मावशी, आपल्या गल्लीत शिबिर होणार! परदेशातनं लोक येणारेत. सात-आठ देशांतले विद्यार्थी, त्यांचे सर. हवामान बदलतंय ना, पूर वाढणार. तर वस्तीनं त्याच्याशी जुळवून कसं घ्यायचं, ते वस्तीबरोबर बसून ठरवायचं."

"जुळवून घ्यायचं?" मावशी पिळा देता देता थांबली. "ते मला सासूनं लग्नाच्या दुसऱ्या दिवशी शिकवलंय. त्यासाठी विमानानं कशाला यायला हवं?"

टिचकी हसली नाही. तिनं समजावून सांगितलं. दोन गोष्टींपैकी एक होणार होती. एक तर कालव्याचा बांध उंच करायचा, गल्ली आणि दगड आहेत तिथे ठेवायचे. नाही तर गल्ली उठवायची, तिथे पाणी पसरायला मोकळी जागा करायची, तळं आणि बाग, आणि लोकांना टेकडीवरच्या इमारतींत खोल्या द्यायच्या. वस्ती म्हणेल तसं. वस्ती 'हो' म्हणाल्याशिवाय काहीही करायचं नाही, हा त्या पाहुण्यांचा नियमच होता.

"मग सोपं आहे," मावशी म्हणाली. "बांध."

"तू तिथे येऊन सांग. सगळ्यांना आण. मी असणार आहे ना, तुमचं बोलणं त्यांच्या भाषेत सांगायला."

एवढं ऐकल्यावर मावशीनं गल्लीभर सांगितलं, आपलीच पोर मधे आहे, काळजी नको. तेव्हा टिचकीनं आणखी एक गोष्ट सांगायची ठेवून दिली होती. शिबिरात प्रत्येक विद्यार्थ्यानं एक चित्र मांडायचं होतं, आणि ज्याचं चित्र वस्ती पसंत करेल त्याला ते सर आपल्याबरोबर देशोदेशीच्या शिबिरांना नेणार होते. टिचकीचं चित्र तळ्याचं होतं.

जाता जाता ती माझ्याकडे वळली. "मावशी, हे देतेस? सरांनी सांगितलंय, वस्तीतली एक वस्तू आणा. ती ज्याच्या हातात असेल त्यानंच बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं."

"ने. पण सोमवारी परत आण. दवाखान्याचे पडदे आहेत."

तिनं मला नेलं. काचकागदानं घासलं, दोनदा वॉर्निश दिलं, मुठीला दोरे गुंडाळले. माझ्या अंगावर जिथे मावशीचा अंगठा बसून खळगा झाला होता, तिथे सुताराची लांबी भरून सपाट केलं. मी ओरडू शकलो असतो तर ओरडलो असतो. आमच्या जातीला मार देता येतो, ओरडता येत नाही.

शिबिर भरलं शाळेच्या मोठ्या खोलीत. गोल खुर्च्या, भिंतीभर रंगीत चिटोरे, टेबलावर पुठ्ठ्याची आमची गल्ली. आमची गल्ली एवढी स्वच्छ मी पहिल्यांदाच पाहिली. परदेशी पोरं चांगली होती, उगाच नावं ठेवणार नाही. गुडघ्यापर्यंत रबरी बूट घालून गल्लीत फिरून आली होती आणि प्रत्येक डबक्याचा फोटो काढत होती. त्यांचे सर उंचच उंच, बायकांशी बोलताना कमरेत वाकायचे. त्यांना आमची भाषा येत नव्हती आणि बायकांना त्यांची. मधे टिचकी. आणि तिच्या शेजारी तिच्या कॉलेजचे सर, इथलेच, ज्यांना दोन्ही भाषा येत होत्या पण ज्यांचं अर्धं लक्ष फोनमध्ये होतं.

नियम असा ठरला, की मी फिरत फिरत बाईच्या हाती जायचं, तिनं बोलायचं, मग मी टिचकीकडे परत यायचं आणि तिनं ते परक्या भाषेत सांगायचं. म्हणजे दर बाईमागे एकदा मी तिच्या हातात.

पहिल्या दिवशी मावशी बोलली. मन लावून बोलली. दगड कसे आले, कुणी घातले, पुरात गल्ली कशी एकमेकींना धरून राहते, बांध उंच केला तर आणखी पन्नास वर्षं कुणाला काही मागणार नाही. बोलता बोलता सवयीनं तिनं मला दोनदा गुडघ्यावर आपटलं, पोरं दचकली. मग मी टिचकीकडे आलो. तिनं एक छोटं वाक्य सांगितलं. उंच सरांनी मान हलवली.

मावशी तिच्याकडे बघत राहिली. "मी एवढं बोलले, आणि तू एवढुसंच सांगितलंस?"

"त्यांच्या भाषेत थोडक्यात होतं, मावशी."

एवढ्यात कॉलेजच्या सरांनी फोनमधून डोकं वर काढलं. मावशी हा शब्द त्यांच्या कानावर पडला होता. "तुझ्या नात्यातल्या का गं?"

टिचकीनं मला घट्ट धरलं. तिच्या तळव्याला घाम आला होता, वॉर्निश चिकट झालं. समोर मावशी बसली होती. टिचकीचा त्या दिवसासाठीचा ठेवणीतला पांढरा शर्ट मावशीनंच आदल्या दिवशी धुऊन, निळीत बुडवून, इस्त्री करून हॉस्टेलवर पोचवला होता.

"नाही, तसं नाही सर," टिचकी म्हणाली. "आमचे कपडे असायचे यांच्याकडे धुवायला. सगळे मावशीच म्हणतात."

बघा, यात एक अक्षर खोटं नाही. कपडे मावशीकडेच असायचे. सगळे मावशीच म्हणायचे. आपल्याकडे झाडणारी मावशी, पुसणारी मावशी, डबा देणारी मावशी. सख्ख्या मावशीला लपवायला याहून चांगली जागा कुठे मिळणार? त्या पोरीची हीच खुबी होती. ती कधी खोटं बोलायची नाही, नुसतं नेमकं भाषांतर करायची.

मावशी काही बोलली नाही. नियमच होता, मी तिच्या हातात नव्हतो.

दुपारी चित्रं भिंतीवर लागली. बायका बघायला उठल्या. तळ्याच्या चित्रात खूप निळा रंग होता. काठावर आमचे दगड होते, त्यांवर माणसं बसली होती, आईसक्रीम खात. शेजारणीनं बोट ठेवलं, "मावशे, हा तुझा दगड बघ. याच्यावर कुत्रं बसवलंय." मावशीनं चित्राखालचं टिचकीचं नाव सावकाश वाचलं. तिला वाचता यायचं, फक्त वेळ लागायचा. वाचून ती आपल्या खुर्चीवर येऊन बसली.

दुसऱ्या दिवशी शेवटची फेरी होती. तळं की बांध, प्रत्येकीनं सांगायचं. बायकांनी आधीच ठरवलं होतं, मावशी म्हणेल तेच सगळ्या म्हणणार. पहिला मान तिचा. मी तिच्या हातात गेलो. तिच्या अंगठ्यानं आपला खळगा शोधला. तो मिळाला नाही.

मी सांगतो, मी तयार होतो. समोर दोन हातांवर पोरगी बसली होती, पोटरी उघडी. एक फटका. एवढंच माझं मागणं होतं. मला त्या मुठीतला जोर ठाऊक होता, तो खांद्यातून निघून दंडापर्यंत आलाही होता. आणि तिथेच थांबला.

"आमचं काही म्हणणं नाही," मावशी म्हणाली, आणि मला पुढे केलं.

ही भाषा तुमची आहे, तुम्हाला काय समजवायचं? याच वाक्यात लग्नं ठरतात आणि याच वाक्यात माणसं उठून जातात. हसून म्हटलं तर 'आमची हरकत नाही'. तोंड फिरवून म्हटलं तर 'तुमच्याशी बोलायची आमची इच्छा नाही, करा काय करायचं ते, देव बघून घेईल'. मावशीनं कसं म्हटलं ते आंधळ्यालाही दिसलं असतं. गल्लीतल्या सगळ्या बायकांना दिसलं. त्यांच्या पाठी ताठ झाल्या.

मी टिचकीच्या हातात आलो. उंच सर वाकून वाट बघत होते. टिचकी गप्प. खरंच गप्प झाली ती, हे मी नाकारणार नाही. तिच्या मनगटाची नाडी माझ्या मुठीवर उडत होती. तिला कळलं होतं. तेवढ्यात कॉलेजचे सर तिच्या कानाशी लागले.

"म्हणजे हरकत नाही, असंच ना?"

समोर भिंतीवर तिचं तळं होतं. तिनं एकदा तिकडे पाहिलं.

"हो सर," ती त्यांच्याच कानात पुटपुटली. "हरकत नाही." आणि तेच तिनं परक्या भाषेत सांगितलं.

मग फेरी सुरू झाली. शेजारीण उठली. "आमचं काही म्हणणं नाही." तिच्यानंतर तिची सून. "आमचं काही म्हणणं नाही." अळीमिळी गुपचिळी. एकजात सगळ्या बायकांनी पाहुण्यांवर बहिष्कार घातला होता, आणि प्रत्येक बहिष्कार माझ्यावरून टिचकीकडे जात होता आणि परवानगी होऊन बाहेर पडत होता. जितक्या जास्त जणी रुसल्या तितकं उंच सरांचं तोंड उजळत गेलं. शेवटी त्यांचे डोळे भरून आले. इतक्या वर्षांत इतकं एकमत आपण कुठेच पाहिलं नाही, असं ते म्हणाले. पोरांनी टाळ्या वाजवल्या. बायकांना वाटलं, शिबिर संपलं म्हणून वाजवताहेत. त्यांनीही वाजवल्या.

आपल्या मरणाला आपणच टाळ्या वाजवणारी माणसं मी तेव्हा पाहिली.

सोमवार आला, मी परत गेलो नाही. पडदे मावशीनं हातानंच आपटून धुतले असतील. मी टिचकीच्या बॅगेत होतो. विमानात बसलो, किती देश पाहिले. कुठे समुद्र आत येत होता, कुठे विहिरी आटत होत्या, कुठे डोंगर खाली येत होता. सगळीकडे गोल खुर्च्या, रंगीत चिटोरे आणि पुठ्ठ्याची घरं. टिचकी आधी विद्यार्थी होती, मग सरांची मदतनीस, मग मॅडम. प्रत्येक ठिकाणी मला हातात घेऊन ती आमच्या गल्लीची गोष्ट सांगायची, इतक्या वेळा, की ती परकी भाषा मलाही येऊ लागली. आणि प्रत्येक ठिकाणी एखादी तरी बाई असायची, जी मला हातात घेऊन खाली बघायची, तिच्या भाषेत थोडकंसं काही बोलायची आणि पुढे द्यायची. त्यांची वाक्यं मला कळली नाहीत. मूठ कळायची.

मावशीनं एकदा फोनवर मला मागितलं होतं. "माझं धोपाटणं तेवढं पाठव."

"ते आता प्रदर्शनात आहे गं. नवीन घेऊन देते."

"नवीन नको," मावशी म्हणाली. "धुवायला आहे काय?"

गल्ली तोवर उठली होती. टेकडीवर चौथ्या मजल्यावर खोली मिळाली, नळाला पाणी सकाळी थोडा वेळ. लॉजवाल्यांनी चादरी यंत्राच्या लाँड्रीला दिल्या. शेजारीण मुलाकडे दुसऱ्या गावी गेली आणि तिथेच वारली. तिची सून कुठे आहे कुणाला माहीत नाही. तळं मात्र छान झालं. पूर येतो तो त्यात मावतो, वरच्या शहरात आता पाणी शिरत नाही. हे खरं आहे, आणि हेच सगळ्यात वाईट आहे. कुणाला खोटं ठरवायचीही सोय नाही.

तळ्याच्या काठी त्यांनी माहिती केंद्र बांधलं आणि मला सन्मानानं मायदेशी आणलं. काच, दिवा, पाटी. पहिल्या दिवशी सकाळी दार उघडलं आणि बादली-फडकं घेऊन कोण आत आलं असेल? तळं झालं तेव्हा गल्लीतल्या काहींना झाडलोटीची कामं दिली होती. मावशी पेटीसमोर उभी राहिली. पाटी वाचायला तिला वेळ लागला. मग तिनं काचेवर फुंकर मारली आणि पुसायला लागली. रोज पुसते. पेटीची किल्ली तिच्याच कमरेला असते, आतली धूळ काढावी लागते म्हणून. पण तिनं मला कधी हात लावलेला नाही. माझ्या भोवतीनं फडकं फिरवते.

गेल्या आठवड्यात टिचकी आली. बरोबर परदेशी विद्यार्थ्यांची नवी तुकडी. दगडांवर बसून त्यांनी फोटो काढले, मग आत आले. मावशी कोपऱ्यात फरशी पुसत होती.

"मावशी, जरा पेटी उघडता का?" टिचकी म्हणाली. 'उघडता' म्हणाली. कुणालाच काही वेगळं वाटलं नाही.

मावशीनं उघडली. टिचकीनं मला घेतलं, पोरं गोल बसली आणि गोष्ट सुरू झाली. एकमत, टाळ्या, उंच सरांचे भरलेले डोळे. एका पोरानं विचारलं, त्या बायकांचे नेमके शब्द काय होते? टिचकीनं आमच्या भाषेत म्हणून दाखवलं, "आमचं काही म्हणणं नाही." पोरांना ते आवडलं. त्यांनी ते म्हणून पाहिलं, मग सगळ्यांनी मिळून म्हटलं, "आम्चं काई म्हन्नं नाई," आणि आपल्याच उच्चारांना हसली. फरशी पुसणारा हात थांबला.

पहिल्या रांगेतल्या एका मुलीचं तिकडे लक्ष गेलं. चांगल्या मनाची होती. ही बाई इथलीच का, मग तिच्याही हातात काठी देऊ या, असं ती म्हणाली. टिचकीला नाही म्हणता येईना. नियम तिचाच होता.

मी मावशीच्या हातात गेलो. किती वर्षांनी! तिचा हात हलका झाला होता, हाडं टोचत होती. अंगठा पुन्हा खळगा शोधत फिरला.

"मॅडम," मावशी म्हणाली, "याला वॉर्निश लावलंत. आता हे पाण्यात घालता येणार नाही." मग मला दुसऱ्या हातात घेतलं. "त्या दिवशी मी थोडक्यात बोलले. आणखी बोलायचं होतं. पण मला वाटलं, मधे आपली टिचकी आहे, हिला कळतंच आहे सगळं, हिच्यासमोर फोड करून कशाला सांगायचं? अख्ख्या खोलीत ज्या एका माणसाला कळणार होतं, त्याच्यासाठी मी बोलले होते. तुला कळलं होतं ना गं?"

मी वाट बघत होतो. दगड नसेल, चादर नसेल, पण पोटरी होती, मूठ होती. मावशीनं मला उचललं आणि दोन्ही हातांनी, पाहुण्याला काही द्यावं तसं, टिचकीकडे दिलं.

"काय म्हणाल्या त्या?" चांगल्या मनाच्या मुलीनं विचारलं.

टिचकीच्या तळव्याला घाम आला होता. तोच चिकटपणा.

"काही नाही," ती परक्या भाषेत म्हणाली. "त्यांना काही बोलायचं नाहीये."

मावशीच्या त्या जुन्या वाक्याचं हेच बरोबर भाषांतर होतं. तेव्हा केलं असतं तर गल्ली वाचली असती.

"पण किती वेळ बोलत होत्या!" एक पोरगा म्हणाला.

"आमची भाषा जरा लांबट आहे," टिचकी म्हणाली, आणि सगळे हसले. मावशीही थोडी हसली, कारण बाकीचे हसत होते.

मला पेटीत ठेवलं. तुकडी गेली. टिचकी दाराशी क्षणभर रेंगाळली, मग फोन वाजला आणि ती बाहेर पडली. मावशीनं कुलूप लावलं, ओढून पाहिलं आणि बादली उचलली.

तर असा मी, धोपाटणं. माझ्यासारख्याच्या हातून आता कुणाचा मळ निघायचा नाही. तुमच्याकडे फक्त एक मागणं आहे. बघून झालं असेल तर जा, पण जाताना काचेला हात लावू नका. डाग पडतो, आणि तो पुसायला मावशीच येते.